रिसिव्हर बाजूला ठेवा

नवं मशीन सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी आमचे इंजिनियर रेगे साहेब माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. दाढी वाढलेली, शर्टाची एक बाही वर, एक खाली. म्हणाले, "भोईरबाई, ही तुमची भिवंडी मला वेड लावणार."

मी म्हटलं, "साहेब, रविवारपर्यंत ती माझी होती. आता तुमच्या मशीनची आहे."

बोलणं खोचक होतं. त्या आठवड्यात माझं सगळंच बोलणं खोचक होतं, आणि त्याला कारण होतं.

मी भिवंडीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. गोष्ट सत्तरच्या दशकातली. तोपर्यंत आमचं एक्स्चेंज मॅन्युअल होतं, म्हणजे गावातल्या फोनांना डायलच नव्हती. शेठने पेढीवर रिसिव्हर उचलला की आमच्या बोर्डावर त्याच्या नंबरचा बारका दिवा लागायचा. दिव्याखालच्या भोकात मी प्लग घालायचे, "नंबर प्लीज" म्हणायचे आणि दुसऱ्या दोरीने, म्हणजे कॉर्डने, त्याला हव्या त्या माणसाशी जोडून द्यायचे. पण नंबर सांगतो कोण! "बाई, मामाकडे लावा." "बहनजी, वो कल्याणवाले सूत के ब्यापारी को दो." कुणाचा मामा आणि कुठला व्यापारी, ते मी लक्षात ठेवायचं. मी ठेवायचे. मला त्याचा अभिमान होता, आणि आजही आहे.

मग ऑटोमॅटिक आलं. माणसाने स्वतः डायल फिरवायची आणि मशीनने जोडून द्यायचं. ऑपरेटरचं काम उरलं फक्त ट्रंकचं, म्हणजे बाहेरगावच्या कॉलचं. त्यासाठी माझ्याहून जुन्या दोघी ठेवायच्या ठरल्या. माझी बदली निघाली नाशिकला.

नाशिक वाईट नाही. पण मी राहायचे खारबावला, वडिलांजवळ. आई गेलेली, भावंड नाही. बाबांची भाताची दोन खाचरं होती आणि ती सोडून ते कुठे यायला तयार नव्हते. मी रोज एसटीने भिवंडीला यायचे आणि संध्याकाळी परत जायचे. बाबा भात शिजवून दारात बसलेले असायचे. मी दिवसभर लोकांचं बोलणं जोडून द्यायचे, आणि बाबा दिवसभर कुणाशी बोललेले नसायचे. म्हणून जेवताना ते बोलायचे आणि मी ऐकायचे. आमच्या घराची ही रीतच पडली होती. बदलीचं सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तू गेल्याव मी बोलू कुनाशी?"

तर, रविवारी कटओव्हर झाला. कटओव्हर म्हणजे जुनं तोडून नवं जोडणं. दोन्ही एक्स्चेंजच्या तारा आधीच जोडून ठेवलेल्या असतात. नव्या बाजूला प्रत्येक फोनच्या जोडणीत एकेक छोटी पाचर घालून ती अडवलेली असते, आणि सगळ्या पाचरी सुतळीने एकमेकींना बांधलेल्या असतात. ठरल्या क्षणी सुतळी ओढायची. पाचरी पटापट निघतात आणि सगळं गाव एका झटक्यात नव्या मशीनवर जातं. रेगे साहेबांनी सुतळी ओढली. आमच्या बोर्डावरचे सगळे दिवे एकदम विझले. नव्या खोलीतून टकटक, खर्रर्र असे आवाज यायला लागले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या, हाताला हात लागेल इतपत.

सोमवारी सकाळी बाजार उघडला आणि दोन तासांत एक्स्चेंज बसलं.

बसलं म्हणजे बिघडलं नाही. सगळी यंत्रं चालू होती. पण लोक फोन उचलायचे आणि टोनच यायचा नाही. टोन म्हणजे तो गुंऽऽ असा आवाज. तो आला की डायल फिरवायची. तो देतं सिलेक्टर नावाचं यंत्र. माणूस फोन उचलतो तेव्हा मशीन त्याला एक मोकळा सिलेक्टर देतं आणि त्याने फोन खाली ठेवला की तो काढून दुसऱ्याला देतं. सगळं गाव एका वेळी बोलत नाही, म्हणून शंभर फोनांमागे थोडेच सिलेक्टर असतात. ते सगळे अडकले की पुढच्याला टोन नाही.

आणि आमचे सगळे अडकलेले होते. प्रत्येकावर दिवा लागलेला, पण त्यावर कुणी बोलत नव्हतं. रेगे साहेब हेडफोन कानाला लावून ऐकायचे, तर नुसता खडखडाट.

"केबल भिजलीय," ते म्हणाले. जमिनीखालच्या केबलमध्ये ओल शिरली की दोन तारा एकमेकींना चिकटतात, आणि मशीनला वाटतं की कुणीतरी फोन उचललाय. अंदाज अगदी योग्य होता. दुसऱ्या कुठल्याही गावात तो खराही ठरला असता. त्यांनी नदीजवळ खणलं. केबल कोरडी ठणठणीत. मग नाक्यावर खणलं. तिथेही कोरडी.

दरम्यान विभागातून मोठ्या साहेबांचा फोन आला. रेगे साहेब उभे राहून बोलत होते.

"येस सर... नाही सर, मशीन उत्तम आहे सर... शनिवारपर्यंत? सर, मला अजून थोडा... येस सर."

फोन ठेवून ते आमच्याकडे न बघता म्हणाले, "शनिवारपर्यंत सुरळीत झालं नाही तर जुना बोर्ड परत जोडायचा. नवीन मशीनचं पुढच्या वर्षी बघू."

बोर्ड परत आला तर माझी बदलीही टळणार होती. मी मनातल्या मनात वज्रेश्वरीला नारळ बोलून मोकळी झाले. रेगे साहेब भला माणूस होता, त्याचं वाईट व्हावं असं मला वाटत नव्हतं. मला फक्त बोर्ड परत हवा होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी शब्बीरशेठ आले. त्यांचा लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, कारखाना बाजाराच्या मागे होता आणि पेढी त्याच्याच पुढच्या खोलीत. एरवी ते फार अदबीने बोलायचे. त्या दिवशी दारातूनच सुरू झाले.

"रेगेसाहब, किस काम का आपका मशीन? हमारे कारीगर को धोटा लगा, आँख के पास! खून बंद नहीं हो रहा था, और फोन देखो तो पहले टोन नहीं, टोन आया तो डॉक्टर का टूं-टूं-टूं! हातगाडी पे डालके लाना पड़ा उसको, सूत के बाजू में!"

धोटा म्हणजे लूममध्ये सूत घेऊन इकडून तिकडे पळतो तो लाकडी तुकडा. त्याच्या टोकांना लोखंड असतं. कधीकधी तो उडून बाहेर येतो.

"आता कसा आहे?" मी विचारलं.

"डॉक्टर बोला, आँख बच गई. मगर देर होती तो?"

टूं-टूं म्हणजे एंगेज. रेगे साहेबांनी डॉक्टरांचा नंबर तपासला. त्यावरही सकाळपासून दिवा. "ही पण ओली," म्हणत त्यांनी कपाळाला हात लावला. पण दवाखाना समोरच्याच गल्लीत होता. ते म्हणाले, "चला, डोळ्यांनीच बघू. भोईरबाई, तुम्हीही चला, तुमची ओळख आहे."

दवाखान्यात वामन कंपाउंडर पुड्या बांधत होता. त्याच्या शेजारी, मिक्स्चरच्या बाटल्यांच्या रांगेत, रिसिव्हर आडवा पडलेला. मला बघताच वामन उखडला.

"बाई, हे काय चाललंय? सकाळपासून नंबर लावून ठेवलाय. तुम्ही हाकच मारली नाही!"

रेगे साहेब म्हणाले, "नंबर लावून? म्हणजे?"

"म्हणजे काय? उचलून ठेवलाय की! बाईंनीच सांगितलंय ना!"

शब्बीरशेठ मागून म्हणाले, "हम भी तो वैसेच रखते हैं."

मी बाटल्यांमधला तो रिसिव्हर उचलून जागेवर ठेवला.

सांगितलं होतं मीच. जुन्या बोर्डावर एकदम वीस-पंचवीस दिवे लागायचे आणि मला हात दोन. लोक थांबून थांबून कंटाळायचे, फोन आपटायचे, पुन्हा उचलायचे. म्हणून मी सगळ्यांना एक सवय लावली. "शेठ, रिसिव्हर उचलून बाजूला ठेवा. दिवा लागलेला राहतो, तोच तुमचा नंबर. पाळी आली की मी हाक मारते." केरोसीनच्या रांगेत डबा ठेवून माणसं घरी जातात, तसं. साऱ्या बाजाराला हे फार पसंत पडलं. शेठ रिसिव्हर गादीवर ठेवून लूमवर चक्कर मारून यायचे. पाळी आली की मी अशी "शेठ!" म्हणून ओरडायचे की लूमच्या खडखडाटातही ऐकू जायचं. माझा आवाज पहिल्यापासून शेतातलाच.

जुन्या बोर्डावर त्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं. नुसता दिवा जळत राहायचा. आता मात्र बाजूला ठेवलेला प्रत्येक रिसिव्हर एकेक सिलेक्टर धरून बसत होता. टोन यायचाही, पण बाटल्यांत आणि लूममध्ये तो ऐकणार कोण? सगळे माझ्या हाकेची वाट बघत होते.

"पण कटओव्हरच्या आधी आपण पत्रकं वाटली," रेगे साहेब म्हणाले. "लाउडस्पीकर फिरवला. 'रिसिव्हर उचला, टोन ऐका, नंबर फिरवा.' "

"ते केलं ना आम्ही," वामन म्हणाला. "उचलला. टोन नव्हता. म्हणून नंबर लावला."

"आणि मी काल हाऊलर सोडला होता, तो?" हाऊलर म्हणजे उचलून ठेवलेल्या फोनवर एक्स्चेंजमधून सोडायचा कर्कश आवाज. कुणीतरी चिडून फोन जागेवर ठेवावा, हा त्याचा उद्देश.

"वो आप थे?" शब्बीरशेठ म्हणाले. "मैं समझा नया मशीन है, रोता होगा. मैंने ऊपर तकिया रख दिया."

रेगे साहेब हसायला लागले. तीन दिवसांत पहिल्यांदाच. मला मात्र हसू येईना. एक गोष्ट मला टोचत होती. बोर्डावर कितीही दिवे लागू देत, डॉक्टरांचा दिवा मी सगळ्यांत आधी घ्यायचे. तसा नियम नव्हता. मीच घेत होते. आणि आज डॉक्टरांचाच फोन माझ्या सवयीने बंद पडला होता.

परत येताना रेगे साहेबांनी मला एक गोष्ट सांगितली. खरी-खोटी त्यांना ठाऊक. म्हणे, आपोआप नंबर जोडणारं हे यंत्र काढणारा माणूस इंजिनियर नव्हता. अमेरिकेत तो मयताचं सामान पुरवायचा. त्याच्या गावात दुसराही एक तसाच धंदेवाला होता आणि त्याची बायको एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. याचे कॉल ती आपल्या नवऱ्याकडे वळवते, असा याला संशय आला. म्हणून त्याने ठरवलं, ऑपरेटरच नको.

"म्हणजे आमच्यावरच्या संशयातून जन्मलंय हे धूड!" मी म्हटलं.

"हो ना," ते म्हणाले. मग म्हणाले, "बाई, आता माझी पंचाईत अशी आहे. मी आणखी हजार पत्रकं वाटू शकतो, पण लोक त्यांच्यावर नाही, तुमच्यावर चालतात. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील. पण तुमच्या बदलीची ऑर्डर माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे, तेही मला माहीत आहे. तुम्ही नाही म्हणालात तर मी शनिवारी बोर्ड परत जोडेन आणि केबल खराब होती म्हणून कळवेन. तुमचं नाव येणार नाही."

मी 'उद्या सांगते' म्हटलं.

एसटीत बसले तेव्हा मनात पक्कं होतं. गप्प बसायचं. नुसतं गप्प. त्यात खोटं काही बोलायचंसुद्धा नव्हतं. जेवताना बाबांना सगळं सांगितलं. सिलेक्टर म्हणजे काय ते त्यांना समजावताना मला अंगणापलीकडची खाचरंच दिसली. म्हटलं, पाणी वरून येतं, एकेका खाचरात थांबतं, ते सोडलं की खाली जातं. आता सगळ्या वरच्यांनी पाणी धरून ठेवलंय.

बाबा म्हणाले, "मंग बांध फोरायला पायजे."

"मी घातलाय तो बांध. फोडला की मला जावं लागेल."

बाबा बराच वेळ भात कालवत राहिले. मग म्हणाले, "त्या डागदरच्या फोनाचा काय झाला सांगलास ना मंगाशी... त्यो मानूस आंधला झाला असता त?"

"हो."

"मंग माना कशाला इचारतंस?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी उठले आणि ताट घासायला मोरीवर गेले. तिथे मनसोक्त रडले. ताट मात्र लखलखीत निघालं.

दुसऱ्या दिवसापासून मी आणि एक लाइनमन असे बाजारात फिरलो. रेगे साहेबांनी दिवा अडकलेल्या फोनांचे पत्ते काढून दिले. कुठे रिसिव्हर तक्क्यावर, कुठे ग्रे, म्हणजे न रंगवलेल्या, कापडाच्या गठ्ठ्यावर, एका ठिकाणी चक्क खुंटीला शर्टाशेजारी टांगलेला. मला बघून सगळे खूश व्हायचे. चहा मागवायचे. आणि फोन ठेवायला मात्र तयार नसायचे!

"बाई, ठेवला तर आमचा नंबर जाईल."

"नंबर नाहीच आता, काका. रांगच नाही."

"असं कसं? रांग नाही तर कळणार कसं, कोण आधी आलं?"

"कळतच नाही. मशीनला कोण आधी आलं, कोण मोठं, काही माहीत नसतं. टोन नसेल तर फोन खाली ठेवायचा. पाणी पिऊन यायचं. परत उचलायचा."

"और आप आवाज़ नहीं देंगी?" एका पेढीवरच्या म्हाताऱ्या मुनीमजींनी विचारलं.

"नाही, मुनीमजी. आता मी हाक मारणार नाही."

हे वाक्य मला दिवसभर म्हणावं लागलं. सुरुवातीला जड गेलं. मग घोकून घोकून पाठ झालं. सगळ्यांत हटवादी निघाले शब्बीरशेठ. रिसिव्हर खाली ठेवताना त्यांचा हात असा अडखळत होता, जणू जागा सोडली तर कुणीतरी येऊन बसेल. शेवटी मी तो त्यांच्या हातून घेतला आणि स्वतः खाली ठेवला. लगेच घंटी वाजली. सुरतेच्या व्यापाऱ्याचा माणूस भिवंडीत आला होता आणि सकाळपासून गावातल्या गावात त्यांना फोन लावत होता. शेठ बोलत राहिले आणि मी बाहेर पडले. बातमी माझ्याआधी पुढच्या गल्लीत पोचली होती.

शुक्रवारी संध्याकाळी नव्या खोलीतले दिवे लागत होते आणि विझत होते. लागायचे, विझायचे. रेगे साहेब खुर्ची टाकून ते बघत बसले होते. शनिवारी मोठे साहेब आले. त्यांनी एक फोन उचलला. टोन आला. ते म्हणाले, "गुड. केबल दुरुस्त केलीत वाटतं?"

"नाही सर," रेगे साहेब म्हणाले. "आमच्या भोईरबाईंनी केलं." आणि त्यांनी सगळी हकिकत सांगितली. मोठे साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "व्हेरी गुड, व्हेरी गुड." बदली रद्द करता येईल का, हे रेगे साहेबांनी माझ्यादेखत विचारलं. नियम आड आला. मी तशी अपेक्षाही ठेवली नव्हती. वज्रेश्वरीचा नारळ तेवढा राहिला. तो मी जाण्याआधी फोडून आले, कारण बोलले होते ते बोलले होते.

निघायच्या आदल्या दिवशी शब्बीरशेठ एक्स्चेंजवर आले. म्हणाले, "सुना, तुम्हारे अब्बा खारबाव में अकेले हैं. जब बजार को आएँ, पेढी पे भेज दो. नाशिक से तुम बोलो, इधर वो बोलेंगे. हमारा फोन है किसलिए?"

नाशिकला ट्रंक बोर्ड होता. पुन्हा दिवे, पुन्हा कॉर्ड. बाबा बाजाराला जायच्या दिवशी पहिल्यांदा भिवंडीची लाइन लागली तेव्हा मी लाइन टेस्टिंगच्या नावाखाली दोन मिनिटं मागून घेतली. ती खात्याने मला माफ करावीत. शब्बीरशेठच्या पेढीचा नंबर भिवंडीच्या ऑपरेटरने लावून दिला. फोन उचलला गेला आणि मागे लूमचा तोच खडखडाट.

"हॅलो, बाबा?"

नुसता खडखडाट.

"बाबा! मी बोलतेय!"

बऱ्याच वेळाने आवाज आला. बाबांनी जन्मात फोन धरला नव्हता. ते नदीपलीकडच्या माणसाला सांगावं तसे ओरडत होते.

"बाय, माना काय पन ऐकू येत न्हाय! लय आवाज हाय हितं! पन मी धरलाय! बाजूला न्हाय ठेवला!"

मी काही बोलले असते तरी त्यांना ऐकू गेलं नसतं. म्हणून मी बोलले नाही. ते ओरडून ओरडून खाचरातल्या पाण्याचं, शेजारच्या म्हशीचं सांगत राहिले, आणि मी जेवताना ऐकायचे तसं ऐकत राहिले.

दोन मिनिटं झाली. समोर दुसरा दिवा लागला होता. मी कॉर्ड काढली.

पुढे बाबांना फोनची सवय झाली. उलट मलाच सांगायचे, बोलून झाल्याव लगेच ठेव, लोकं खोलंबतान. नव्या यंत्राबरोबर पत्रक वाटतात, ते बरंच आहे. पण जुन्या यंत्राने लोकांना काय सवय लावलीय, ते कुणीतरी आधी जाऊन बघून यावं. आम्हाला ते केबल खणल्यावर कळलं.